क्रोटनची पानं गळताहेत आणि नवी पानं हिरवीच येताहेत, काय करावं?

ओसरीतली_बाग (दर्यापूर तालुका)

राम राम मंडळी. क्रोटनबद्दल विचारायचं आहे, जरा लांब होईल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही म्हणून लिहिते. फेब्रुवारीत अमरावतीच्या एका नर्सरीतून क्रोटन आणला, पेट्रा जातीचा, रुंद पानाचा. शिरा पिवळ्या-केशरी आणि खालची जुनी पानं तर इतकी लाल की येणारा-जाणारा हात लावून पाहायचा की खरं झाड आहे का म्हणून. बैठकीत कोपऱ्यात ठेवला, तिथं खिडकी आहे पण उत्तरेकडची आणि समोरच शेजाऱ्यांची भिंत. आणल्यापासून आठ-पंधरा दिवसांतच खालची पानं गळायला लागली, नुसता पदर लागला तरी पान खाली. मग थोडं थांबलं, आता एप्रिलपासून परत सुरू. शेंड्याला नवी पानं येतात ती हिरवीगार, त्यात पिवळ्या रेघा बारीकशा, लाल रंगाचं नाव नाही. शिवाय पानांच्या कडा आणि टोकं वाळून तपकिरी होताहेत आणि काही पानांवर रांगोळी भुरभुरल्यासारखे बारीक फिक्के ठिपके पडलेत.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात, बोअरचं पाणी खारं. योजनेचं नळाचं पाणी येतं पण रोज येत नाही, ते पिण्याला आणि स्वयंपाकाला पुरवून वापरावं लागतं, म्हणून झाडाला बोअरचंच घालते. कुंडीच्या काठाला पांढरा थर आलाय.

आता हा बाहेर उन्हात ठेवू का? नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू आहे म्हणून हिंमत होत नाही. कुंडी बदलायची झाली तर शेतातली काळी माती चालेल का, ती आमच्याकडे मुबलक आहे. आणि घरात लहान नातू आहे, नुकता चालायला लागला, जाऊबाई म्हणतात याचा चीक विषारी असतो, हे खरं का? झाड टाकून द्यायची अजिबात इच्छा नाही, फार जीव लागलाय त्याच्यावर.


वऱ्हाडी_गडी (अकोट)

ताई, उन्हाशिवाय क्रोटनले रंग येतच नाही, हे पक्कं. आमच्या इथं शाळेच्या कंपाउंडले क्रोटनची रांगच हाय, बाराही महिने उन्हात, कोनी पाहत नाही त्याच्याकडे अन तरी लालभडक. घरात कोंडून ठेवलं तं थे हिरवं होनारच. काढा बाहेर अन ठेवा बिनधास्त उन्हात, दोन-चार पानं जयतीन तं जयतीन.


नर्सरीतला_माणूस (वर्धा)

भाऊ, रंगाला ऊन लागतं हे तुमचं शंभर टक्के बरोबर, पण आज, या नवतप्यात, बैठकीतलं झाड उचलून उन्हात ठेवायला सांगू नका. तुमच्या शाळेतली झाडं जमिनीत आहेत, मुळं खोल गेलेली आहेत आणि त्यांची पानं उन्हातच वाढलेली आहेत. ताईंच्या झाडाची पानं सावलीत वाढली, ती पातळ आणि नाजूक असतात, आपल्याकडे पारा 45 ला टेकलेला असताना अशी पानं एका दुपारीत भाजून निघतात. भाजलेलं पान परत सुधरत नाही. आणि ताईंच्या झाडाला मुळात पानंच कमी उरली असतील, त्यातली दोन-चार गेली तर झाड खाईल काय?

ताई, आता तुमचं एकेक घेतो.

पहिली गळ, म्हणजे फेब्रुवारीतली, ती जागाबदलाची. क्रोटनचा हा स्वभावच आहे, जागा बदलली, हवा बदलली की खालची पानं टाकतो. आपल्या भागातल्या नर्सऱ्यांत शोभेची बरीच रोपं आंध्रातून येतात, राजमुंद्रीजवळ कडियम म्हणून गाव आहे, तिथं नर्सऱ्यांच्या रांगाच्या रांगा आहेत, गाड्या भरून माल देशभर जातो. तो गोदावरीच्या मुखाकडचा प्रदेश, दमट हवा. तिथून झाड ट्रकमध्ये येतं, इथं काही दिवस नर्सरीत शेडनेटखाली राहतं आणि मग तुमच्या बैठकीत, आणि तेही फेब्रुवारी-मार्चमध्ये जेव्हा आपल्याकडची हवा कोरडी व्हायला लागते. पानं गळणारच. अशा वेळी लोक घाबरून जास्त पाणी घालतात, खत टाकतात, कुंडी बदलतात, आणि झाड त्याच्यानंच मरतं. त्या दिवसांत फक्त एका जागी ठेवून द्यायचं. जिवंत आहे का शंका आली तर फांदीची साल नखानं किंचित खरवडायची, आत हिरवं आणि ओलं दिसलं की फांदी जिवंत, पानं येतील.

आता रंगाचं. पानात हिरवा रंग हरितद्रव्याचा, पिवळा-केशरी कॅरोटिनॉइडचा आणि लाल-जांभळा अँथोसायनिनचा. उजेड भरपूर असला की झाड लाल रंग बनवतं, कमी असला की आहे तेवढा उजेड पकडायला हिरवाच वाढवतं. तुमच्या उत्तरेच्या खिडकीत, त्यात समोर भिंत, त्याला दुसरा मार्गच नाही. पण एक गोष्ट बहुतेक लोकांच्या लक्षात येत नाही: पेट्राचं नवं पान चांगल्या उजेडातही आधी हिरवं-पिवळंच निघतं, लाल नंतर चढतो, पान जून होत जातं तसा. एकाच फांदीवर वरून खाली पाहिलं तर शेंड्याला हिरवट-पिवळं, मधे केशरी आणि खाली गडद लाल असं दिसायला पाहिजे. म्हणून शेंड्याचं पान पाहून निराश होऊ नका, मधली पानं बघा. मधल्या पानांतही लाल नसेल तर उजेड कमी पडतोय.

आता करायचं काय. आज त्याला बैठकीतून काढून ओसरीत ठेवा, जिथं थेट ऊन येत नाही पण आभाळ मोकळं दिसतं. आठवडाभर तिथं. मग सकाळचं कोवळं ऊन, साधारण आठपर्यंत, नंतर सावली. पाऊस लागला की नऊ-दहापर्यंतचं ऊन, आणि ऑगस्टनंतर बाहेर चांगल्या उन्हात चालतो. मार्च ते जून मात्र 50 टक्के सावली देणाऱ्या हिरव्या नेटखाली किंवा पूर्वेच्या ओसरीत. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा परत आत घ्या, थंडीही त्याला सोसत नाही, तेव्हाही पानं टाकतो.

एप्रिलपासूनची गळ आणि ते ठिपके हे मात्र वेगळं प्रकरण आहे. पानाची मागची बाजू पाहिली का? जाळं आहे का बारीक?


संत्रावाला (वरूड)

ठिपके म्हटल्याबरोबर मले कोळी आठवला, भिंतीवरचा नाही, पानातला रस शोषणारा बारीक कोळी. कपाशीवर, संत्र्यावर पाहतो ना आपण, तोच प्रकार. ताई असं करा, एक पांढरा कागद घ्या, पान त्याच्यावर धरा अन वरून टिचकी मारा. कागदावर धुळीचे कण पडतीन, मिनिटभर नीट पाहत राहा, कण चालायला लागले तर कोळी आहे. बोटानं पुसले तर लालसर रेघ उमटते.

हा गरम-कोरड्या हवेतलाच किडा, एप्रिल-मेमध्ये असा वाढतो की विचारू नका. पान्याले सगळ्यात जास्त घाबरते. रोज सकाळी पानाच्या मागून पाण्याचा फवारा द्या, जोरात, तेवढ्यानंच अर्धा कमी होते. मग निंबोळी अर्क. शेतासाठी आपण 5 टक्क्यांचा करतो, 5 किलो निंबोळीचा चुरा 100 लिटर पान्याले. घरच्या एका झाडाले 50 ग्रॅम चुरा रातभर लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, साबण चिमूटभर, अन संध्याकाळीच फवारा, उन्हात नाही. पानाच्या खालच्या बाजूनं लागला पाहिजे, वरून मारून काही उपयोग नाही, किडा खालीच बसते. सहा-सात दिवसांनी परत मारा कारण अंडी मरत नाहीत, त्यातून पिल्लं निघतात.

एक कळकळीनं सांगतो, घरात कपाशीचं औषध उरलं असंन तर थे या झाडावर मारू नका. एक तर बहुतेक कीटकनाशकं कोळ्यावर चालत नाही, आपण किडा म्हणतो पण कोळी म्हणजे कीटक नाही, उलट कोळ्याले खाणारे मित्रकिडे मरते अन कोळी दुप्पट होते. दुसरं म्हणजे ते घर आहे, पोरगं खेळते तिथं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, शेतात उघड्यावर, त्यातले काही तर दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं फवारायले गेले होते. बैठकीत तर हवा पण फिरत नाही. कोळ्यावर गंधक मारतात, पण तेही आत्ता नको, एवढ्या उन्हात पान जाळते.

अन पाणी. कडा वाळणं, टोकं जळणं, कुंडीले पांढरा थर, हे सरळ खाराचं लक्षण आहे ताई. आमच्याकडे पाणी खारं नाही, खोल गेलेलं आहे, पण जमिनीत चुनखडी आहे अन संत्र्याची नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, लोह उचलता येत नाही झाडाले म्हणून. क्रोटनलेही थोडी आंबट मातीच आवडते. तुम्ही बोअरचं पाणी घालता, पाणी उडून जाते अन खार कुंडीतच राहते, प्रत्येक वेळी थोडा थोडा वाढत जाते.


ओसरीतली_बाग

कागदाची परीक्षा केली. चालताहेत! बारीक ठिपके, अगदी डोळे ताणून पाहावं लागतं, आणि पानाच्या मागं शिरेच्या बाजूला कोळिष्टकही आहे, मी समजत होते धूळ आहे म्हणून. आजपासून फवारा सुरू करते. निंबोळीचा चुरा घरात आहेच.

पाण्याचं मात्र अवघड आहे हो. गावात आरओचा प्लांट आहे, तिथलं वाया जाणारं पाणी फुकट मिळतं, ते घालू का? आणि कूलरच्या टाकीत रोज पाणी उरतं ते?


संत्रावाला (वरूड)

दोन्ही नको!! आरओमधून गोडं पाणी वेगळं काढल्यावर जे बाहेर टाकतात त्यात सगळा खार गोळा झालेला असते, बोअरच्या पाण्यापेक्षाही वाईट. कूलरचं तसंच, पाणी वाफ होऊन उडून जाते, खार टाकीतच जमते, म्हणून तर कूलरच्या जाळीवर पांढरे खडे येतात. एसी असंन कोणाकडे तर त्याच्या पाइपातून ठिबकणारं पाणी चालते, त्यात खार नसते.

नळाच्या पाण्यातलंच काढा. तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, मीठ टाकायच्या आधीचं, एका कुंडीले तेवढं पुरते. रोज घालायचंही नाही, बोट घालून पाहायचं, वरची इंचभर माती कोरडी लागली की घालायचं. अन पाऊस लागला की टिनाच्या पन्हळीखाली ड्रम ठेवा. पहिला पाऊस सोडून द्या, टिनावरची धूळ अन पाखरांची घाण वाहून जाऊ द्या, मग भरा. ड्रमवर झाकण पाहिजेच, नाही तर डास होतीन. दोन ड्रम पाणी एका झाडाले दिवाळीनंतरही पुरते. आता जी कुंडी आहे तिच्यातला खार काढाले एकदा चांगलं पाणी खालून भळभळ निघेपर्यंत घाला, अन खाली साचलेलं बशीतलं फेकून द्या, बशीत ठेवू नका, माती परत ओढून घेते.


धानपट्टा (गोंदिया)

काळ्या मातीचं राहिलं म्हणून लिहितो. काकू, शेतातली काळी माती कुंडीत नकोच जी. शेतात ती सोनं आहे, कुंडीत नाही. ओली झाली की फुगते आणि हवा कोंडते, मुळं कुजतात, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं, मुळापर्यंत पोचतच नाही. आणि तुमची तर खारपाणपट्ट्यातली, त्यात आधीच क्षार.

आमच्याकडे आम्ही लाल माती, नदीची जाड रेती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि भाताचा तूस घेतो, तूस इथं राइस मिलवर पोत्यानं मिळतो. तुमच्याकडे तूस मिळणार नाही बहुतेक, तर कोकोपीट घ्या, पण ते घेतल्यावर गोड्या पाण्यानं एक-दोनदा धुऊन घ्या, काही विटांमध्ये मीठ असतं. प्रमाण मी मोजत नाही, ओलं मिश्रण मुठीत दाबायचं, मूठ उघडली की गोळा राहिला पाहिजे आणि बोटानं टोचला की फुटला पाहिजे. फुटला नाही तर रेती वाढवायची. शेणखत ताजं नको, हात घातला तर गरम लागत असेल तर थांबा.

कुंडी बदलाल तेव्हा एक बघा. बाहेरून आलेल्या रोपांच्या मुळाशी बऱ्याचदा चिकणमातीचा घट्ट गोळा असतो, प्रवासात टिकावं म्हणून बांधलेला. तो तसाच नव्या मातीत ठेवला तर पाणी गोळ्याच्या बाजूनं वाहून जातं, गोळा आतून कोरडाच, झाड वाळतं आणि आपण म्हणतो पाणी तर रोज घालतो. गोळा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचा, बोटांनी बाहेरची माती हळूहळू सोडवायची, पांढरी मुळं तोडायची नाहीत. पण हे आत्ता नाही, पाऊस लागून हवा दमट झाली की, जुलैत. भोक असलेली मातीची कुंडी सगळ्यात चांगली, फक्त उन्हाळ्यात तिला पाणी थोडं जास्त लागतं.

खताचं म्हणाल तर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) घरोघरी असतंच, जुलै ते सप्टेंबर महिन्यातून एकदा लिटरला एक ग्रॅम, बस. युरिया नको, त्यानं नुसतं हिरवं वाढतं. उन्हाळ्यात काहीच नको.


बाई_अंगणवाडी (यवतमाळ)

चिकाबद्दल कोणी बोललं नाही आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जाऊबाई बरोबर आहेत. क्रोटन एरंडाच्या कुळातला. पान किंवा फांदी तोडली की चीक येतो, तो कातडीला लागला तर काहींना खाज-पुरळ येतं, डोळ्यात गेला तर फार आग होते, आणि पान चावून खाल्लं तर तोंडात जळजळ, उलटी, पोट बिघडणं होऊ शकतं. नातू ज्या वयात आहे त्या वयात मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि त्यात ही पानं रंगीत, गळून जमिनीवर पडलेली. म्हणून झाड टाकायची गरज नाही पण जमिनीवर ठेवू नका, उंच कट्ट्यावर किंवा स्टँडवर, आणि गळलेली पानं रोज सकाळी उचला. कापाकापी करताना हातमोजे, निदान प्लास्टिकची पिशवी, आणि नंतर साबणानं हात. कपड्यावर चीक पडला तर डाग जात नाही, जुना कपडा घाला. शेळ्या असतील तर त्यांनाही लांब ठेवा. समजा बाळानं खाल्लंच तर तोंड पुसून काढा, पाणी द्या आणि घरगुती उपाय करत बसू नका, उलटी काढायला तर अजिबात जाऊ नका, पानाचा तुकडा सोबत घेऊन दवाखान्यात जा म्हणजे डॉक्टरांना कळेल.

बैठकीच्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यासाठी अॅग्लोनिमा पाहा, लालसर पानाचे येतात, कमी उजेडात क्रोटनपेक्षा बरे राहतात. तोही चावून खायचा नाही, त्यामुळे उंचावरच. कॅलाथिया मात्र घेऊ नका, कितीही सुंदर दिसला तरी खारं पाणी आणि आपली कोरडी हवा त्याला अजिबात चालत नाही, कडा करपतात.


ओसरीतली_बाग

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. झाड ओसरीत आणलं, पूर्वेला भिंतीलगत ओटा आहे त्यावर, नातवाचा हात पोचत नाही. आता एकच भीती आहे की समजा हे वाचलं नाही तर, म्हणून विचारते, याचं दुसरं रोप करता येतं का? खालून फांद्या उघड्या पडल्यात, लांब काठी आणि वर शेंड्याला पानं असं झालंय.


वऱ्हाडी_गडी (अकोट)

नवतप्याचं माह्या ध्यानातच आलं नाही, वर्धेवाल्या भाऊचं बराबर हाय. रोप करता येते ना ताई, अन उघडी काठी झाली हे तं गुटीसाठी, म्हंजे फांदी झाडावर असतानाच तिले मुळं फोडासाठी, चांगलंच हाय. लिंबाले, डाळिंबाले गुटी बांधतो तशीच. पन आता नाही, पाऊस जमला की, जुलै-ऑगस्टात.

पेन्सिलीएवढी जाड फांदी पाहा, शेंड्यापासून हातभर खाली. तिथं चाकूनं गोल दोन चिरा द्या, मधात इंचभर अंतर, अन मधली साल काढून टाका. चीक येईन, ओल्या फडक्यानं पुसत राहा. मंग आतलं गुळगुळीत लाकूड चाकूच्या पाठीनं खरवडा, कारण तिथं पातळ हिरवा थर राहिला तं साल परत जुळते अन मुळं येत नाही. वरच्या कापाले मुळं फुटाची पावडर लावा, कृषी केंद्रात भेटते. मॉस, म्हंजे वाळलेलं शेवाळ, रातभर पावसाच्या पान्यात भिजवून पिळून घ्या, मूठभर त्या जागेवर गच्च दाबा, वरून पारदर्शक पन्नी गुंडाळा अन दोन्ही टोकं सुतळीनं आवळून बांधा, वरचं टोक तं लय आवळा, पावसाचं पानी आत गेलं की सडते. पन्नी पारदर्शकच घ्या, म्हंजे मुळं बाहेरून दिसते.

महिना-दीड महिन्यात पांढरी मुळं पन्नीले टेकलेली दिसतीन. पहिली मुळं दिसल्याबरोबर कापू नका, थोडी तपकिरी होऊ द्या, मंग गुटीच्या खालून कापा, पन्नी सोडा, मॉस तसंच राहू द्या अन कुंडीत लावा. आठ-दहा दिवस सावलीत. अन खालचं जे खुंट उरते त्याले बाजूनं डोळे फुटते, थे झाड भरून येते. म्हंजे एकाचे दोन होते. फांद्या तीन-चार असतीन तं सगळ्यावर एकदम बांधू नका, एक-दोनवर बांधा, झाड आधीच थकलेलं हाय.


नर्सरीतला_माणूस (वर्धा)

गुटी बांधायच्या आधी कोळी पूर्ण गेलेला पाहिजे, कागदाची टिचकी परत एकदा मारून खात्री करा. नाही तर नव्या रोपासोबत तोही जाईल. आणि ताई, गुटी बांधाल तेव्हा फांदीवर निदान सहा-आठ चांगली पानं असू द्या, पानांशिवाय मुळं धरत नाहीत. जुलैत इथं फोटो टाका, मधल्या पानांचा, कुठली फांदी निवडायची ते पाहून सांगतो.